शिडाला शीड लावून धावतात, तरी धडकत का नाहीत?

पावसाळा सरला, की दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास गोव्यात दोनापावलाहून जुवारी नदीच्या मुखाकडे बघावं. वारा चांगला असेल तर पाण्यावर रंगीत शिडं दिसतात. खाली होडी नसते. प्रत्येक शिडाखाली एक फळी आणि त्या फळीवर मागे रेलून लटकलेला एक माणूस. हे विंडसर्फिंग. कधी एखादंच शीड असतं, तर कधी चार-पाच जण एकमेकांच्या इतक्या लगत धावत असतात, की जेट्टीवर शहाळं पिणाऱ्याची नळी तोंडातच राहते. "आपटतले मरे ते!" असं कुणीतरी हमखास ओरडतं. ते आपटत नाहीत. वळतात, परत येतात आणि पुन्हा तसेच लगत धावतात.

मग प्रश्न सुरू होतात. यांना ब्रेक असतो का? लेन नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाही, तर वाट कोण कोणाला देतं? आणि एवढा समुद्र मोकळा पडलेला असताना एकमेकांच्या उरावर बसायची हौस कशाला?

विंडसर्फिंगची बातमी होते ती एरवी पदक मिळालं की. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मध्य प्रदेशच्या एबाद अलीने कांस्यपदक आणलं, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. गोव्याची कात्या आणि डेन कुएल्हो ही भावंडं तर या खेळात देशासाठी उतरलेली. पण बातमीत येतो तो शर्यतीचा निकाल. शर्यत नसताना, पंच नसताना, निव्वळ मजेखातर मित्रमंडळी लगत धावतात, त्यामागचं गणित कुणी सांगत नाही. ते कळलं तर काठावरून बघण्यातही जास्त मजा आहे.

फळीला सुकाणू नसतं

होडीला सुकाणू असतं, या फळीला नसतं. फळीच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली, एक पातं असतं. ते फळी आडवी घसरू देत नाही, बस्स. वळवण्याचं मुख्य काम शीड करतं. शिडाची डोलकाठी फळीला एका लवचीक सांध्याने जोडलेली असते आणि हा सांधा चहूकडे झुकतो, फिरतो. या खेळाची खरी गोम त्या सांध्यात आहे. अमेरिकेत न्यूमन डार्बी याने १९६० च्या दशकात शिडाची फळी बनवली. पुढे कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी सांध्यासकट तिच्या पेटंटसाठी १९६८ मध्ये अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोनामध्ये महिलांसाठी हा खेळ दाखल झाला.

छातीच्या उंचीवर, शिडाला दोन्ही अंगांनी वेढणारी एक कमान असते. ती दोन्ही हातांनी धरायची. तिला बूम म्हणतात. बूम धरून शीड पुढे झुकवलं की फळीचं नाक वाऱ्यापासून लांब वळतं, मागे झुकवलं की वाऱ्याकडे वळतं. जोर हवा असेल तर मागच्या हाताने शीड ओढायचं, नको असेल तर सोडायचं.

लगत धावण्याचं पहिलं रहस्य इथेच आहे. साडेचार मीटर उंचीचं शीड झुकवल्याशिवाय फळी सहसा वळत नाही आणि ते झुकताना शेजाऱ्याला दिसतंच दिसतं. शेजारच्याची डोलकाठी मागे कलायला लागली की तो वाऱ्याकडे येणार हे ओळखायचं. चांगला गडी शेजाऱ्याच्या फळीकडे फारसं बघत नाही, तो डोलकाठीकडे आणि कमरेकडे बघतो. कंबर हलते, मग शीड, आणि फळी सगळ्यात शेवटी.

लेन वारा आखून देतो

शाळेत भूगोलाला घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून येतात ते खारे वारे. रात्री उलट, जमिनीवरून समुद्राकडे, ते मतलई. गोव्यात सकाळी पूर्वेकडचा मंद वारा असतो. दुपारच्या आसपास तो पडतो, थोडा वेळ सगळं चिडीचूप होतं आणि मग वायव्येकडून खारा वारा धरतो. तीन-चारच्या सुमारास तो भरात असतो आणि सूर्य कलला की ढेपाळतो. मार्च ते मे हे दिवस त्याचे सगळ्यात जोराचे.

आता, वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलंच शीड जाऊ शकत नाही. त्यामुळे मजेखातर फिरणारे सगळे वाऱ्याला आडवे ये-जा करतात. वारा वायव्येचा असेल तर जाताना नैऋत्येला, म्हणजे खुल्या समुद्राकडे, आणि येताना ईशान्येला, जुवारीच्या आत. पाणी चारी दिशांनी मोकळं दिसतं खरं, पण दहा जण उतरले तरी दहाही जण याच दोन दिशांना धावणार. काठावरून जी भाऊगर्दी वाटते, ती जवळून पाहिली तर बऱ्यापैकी शिस्तीची ये-जा असते.

आणखी दोन शब्द एकदाच सांगतो. दोघे शेजारी धावत असतील, तर ज्याच्याकडे वारा आधी पोहोचतो तो वरचा आणि ज्याच्याकडे नंतर, तो खालचा. इथे वर-खाली म्हणजे उंची नाही, वाऱ्याचा क्रम. पुढचं सगळं या दोन शब्दांवर उभं आहे.

दिसतात तितके जवळ नसतात

मोबाइलचा झूम ताणून घेतलेल्या फोटोंवर विश्वास ठेवू नका. दूरची माणसं झूम करून टिपली की त्यांच्यामधलं मागचं-पुढचं अंतर चपटं होतं. पंधरा-वीस मीटर मागे असलेलं शीड पुढच्याला टेकल्यासारखं दिसतं. काठावरून डोळ्यांनी बघतानाही थोडं हेच होतं, कारण पाण्यावर अंतर मोजायला ना झाड असतं ना विजेचा खांब.

प्रत्यक्षात नीट धावणारी ओळ ही ओळ नसतेच, ती तिरकी असते. खालचा थोडा पुढे, वरचा थोडा मागे, त्याच्या वरचा आणखी मागे. असं का, ते पुढे वाऱ्याच्या सावलीच्या मुद्द्यात येईल. पण हेही खरं, की मुरलेली दोन माणसं कधी कधी खरोखरच एका डोलकाठीच्या अंतरावर धावतात. फोटोतल्या सगळ्याच जवळिकीला झूम जबाबदार नसतो.

वेगाचंही तसंच. ताशी २५ किलोमीटरने धावणाऱ्याच्या शेजारून कुणी २७ ने गेला, तर दोघांमधला फरक फक्त २ किलोमीटरचा, माणसाच्या रमतगमत चालीपेक्षाही कमी. दोघांना एकमेकांकडे बघायला, ओरडायला भरपूर वेळ असतो. हेच दोघे समोरासमोर आले तर बेरीज होते, ५२ किलोमीटर. म्हणजे ७० मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. बघणाऱ्याला धडकी भरते ती शेजारी-शेजारी धावताना. सरावलेला माणूस मात्र समोरून येणाऱ्याला जास्त जपतो.

समोरासमोर आले तर: उजवा हात पुढे कुणाचा?

समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरले. शिडाच्या होड्यांचे त्यातले नियम फळीवालेही पाळतात. समोरासमोर येणाऱ्यांसाठी नियम असा: ज्याच्या उजव्या अंगावर वारा येतो त्याचा हक्क पहिला. डाव्या अंगावर वारा घेणाऱ्याने वाट सोडायची.

धावताना उजवं-डावं कोण मोजत बसणार? म्हणून एक सोपी खूण आहे. बूमवर डोलकाठीच्या जवळ, म्हणजे पुढे, कुठला हात आहे ते बघा. उजवा असेल तर हक्क तुमचा. आपल्या जुवारीच्या मुखाशी हे लावून बघू. नैऋत्येला तोंड केलं की वायव्येचा वारा उजव्या अंगावर येतो. म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात बाहेर जाणाऱ्याचा हक्क पहिला आणि आत येणाऱ्याने वाट द्यायची. परत येणारा दमलेला असतो, हात भरून आलेले असतात, हे सगळं मान्य. तरी वाट त्यानेच द्यायची.

वाट द्यायची कशी, हेही ठरलेलं आहे: लवकर, आणि दिसेल अशी. शेवटच्या क्षणी अंग चोरलं तर समोरच्याला कळतच नाही की तुम्ही नियम पाळताय की गोंधळलाय. तीस-चाळीस मीटरवरून नाक स्पष्टपणे खाली वळवलं की तो निश्चिंत होतो.

हक्क असलेल्याचंही एक काम आहे आणि लोक तेच विसरतात. त्याने आपली दिशा आणि वेग धरून ठेवायचा. उगाच सौजन्य दाखवून तोही वळला तर दोघे एकाच बाजूला वळण्याची शक्यता. रस्त्यावर "आधी तुम्ही" चालतं, इथे त्याने घोळ होतो. समोरचा वळतच नाही असं दिसलं तर एक हाक मारतात: "स्टारबोर्ड!" स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, आणि हाकेचा अर्थ, "माझ्या उजवीकडून वारा आहे, बाजूला हो." तरीही तो वळला नाही, तर हक्क गुंडाळून ठेवून स्वतः वाचायचं. नियमातच तसं म्हटलं आहे. हक्क माझा होता म्हणून मी धडकलो, ही सबब कुठेच चालत नाही.

शेजारी-शेजारी असतील तर: वरच्याने सांभाळायचं

एकाच दिशेने धावणाऱ्यांसाठी दुसरा नियम: वरच्याने खालच्याला सांभाळायचं. पहिल्यांदा ऐकताना हा नियम मनमानी वाटतो. फळीवर उभं राहिल्यावर त्यातली अक्कल कळते. विंडसर्फर नेहमी वाऱ्याकडे पाठ करून, मागे रेलून उभा असतो. शिडाची ओढ त्याला पुढे खेचते आणि त्याचं वजन त्याला मागे खेचतं. म्हणजे खालच्याची पाठ वरच्याकडे असते. वरून कोण येतंय ते मान पूर्ण वळवल्याशिवाय त्याला दिसत नाही. वरच्याचं तोंड मात्र खालच्याकडेच असतं आणि शिडात एक पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून तो आरपार बघतो. ज्याला दिसतं त्याने सांभाळावं, एवढीच त्यातली मेख.

दुसरं कारण पडण्याचं. जोराच्या झोताने वरचा उलथला, तर तो शिडासकट पुढे आणि खालच्या बाजूला फेकला जातो. म्हणजे खालच्याच्या अंगावर. म्हणून अंतराचं माप डोलकाठी: शीड आडवं पडलं तरी शेजाऱ्याला लागणार नाही इतकी जागा, ही किमान. मागून येऊन पुढे जाणाऱ्यानेच काळजी घ्यायची, हा तिसरा नियम. तो रस्त्यावरचाच आहे, निदान रस्त्यावर असायला हवा तो.

वाऱ्याची सावली

आता खरी गंमत. वाहतुकीचे नियम वाचून पाठ होतात, सावली अंगावर यावी लागते.

पर्वरीहून पणजीला स्कूटरवर दुपारी मांडवी पूल ओलांडताना एक अनुभव येतो. उजवीकडून, समुद्राच्या बाजूने वारा झोडपत असतो आणि आपण नकळत उजवीकडे किंचित कलून गाडी सरळ ठेवत असतो. तेवढ्यात उजवीकडून एक बस पुढे काढते. क्षणभर वारा गायब. आपण कललेलेच असतो, अडवणारं काही उरत नाही आणि गाडी बसच्या दिशेने ओढल्यासारखी जाते. बस पुढे गेली की वाऱ्याची थप्पड परत, आणि गाडी दुसरीकडे झुकते. बसने ना ओढलं ना ढकललं. तिने फक्त वारा अडवला.

फळीवर हेच, दसपट. खालचा माणूस सगळं वजन वाऱ्याच्या ओढीवर टाकून मागे लटकलेला आहे. कमरेच्या पट्ट्याला आकडा आणि त्या आकड्यात बूमवरून लोंबणारी दोरी, म्हणजे तो हातांनी लटकलेलाही नाही, कमरेने लटकलेला आहे. अशा वेळी वरून कुणी चिकटून पुढे गेला, की त्याच्या शिडामागची हवा दुबळी आणि घुसळलेली असते. शिडवाले तिला घाण हवा म्हणतात. खालच्याच्या शिडातली ओढ एकदम जाते आणि बिचारा पाठीवर पाण्यात पडतो. पडतो कुठे? वाऱ्याकडे. म्हणजे ज्याने त्याचा वारा चोरला त्याच्याच वाटेत.

म्हणून लगत धावण्यातला सगळ्यात मोठा धोका हा, की वरच्याने खालच्याला हात न लावता पाडावं आणि मग त्याच्यावरून जावं. मजेत धावणाऱ्यांत हे कुणी मुद्दाम करत नाही, पण वेगाच्या भरात होतं. शर्यतीत मात्र वारा अडवणं हा कायदेशीर डाव आहे. त्यामुळे शर्यतीत मुरलेला माणूस मित्रांच्या फेरफटक्यात आला की सुरुवातीला जरा त्रासच देतो.

ही सावली किती लांब पडते? ढोबळ हिशेब शिडाच्या उंचीच्या पाच-सात पटींचा, म्हणजे पंचवीस-तीस मीटर. मग एका डोलकाठीच्या अंतरावर धावणं शक्यच नाही, असं कुणी म्हणेल. शक्य आहे, कारण सावली बरोबर बगलेत पडत नाही. वेगाने धावताना अंगावर येणारा वारा थोडा समोरून येतो. शांत हवेत सायकल दामटली तरी वारा तोंडावर येतो, त्यातलाच प्रकार. वारा समोरून कलला की सावली मागे कलते. म्हणजे वरच्याची सावली तिरकी, खाली आणि मागे पडते. खालचा जर थोडा पुढे असेल, तर तो त्या सावलीच्या बाहेर राहतो. म्हणून ती तिरकी ओळ. सगळ्यांना स्वच्छ वारा मिळावा म्हणून ती आपोआप तशी लागते. कुणी मागे पडून सावलीत सापडला की आणखी मंदावतो, आणखी मागे पडतो आणि ओळीतून गळतो. मग त्याने हट्ट न करता थोडं खाली उतरून, मोकळा वारा शोधून पुन्हा वेग धरायचा. हे न कळलेले लोक सावलीत हातपाय मारत बसतात आणि वाऱ्याला शिव्या घालतात.

एवढं असताना जवळ जायचं कशाला?

एकट्याने धावताना आपण किती जोरात आहोत हे कळत नाही. पाण्याला मैलाचे दगड नसतात. शेजारी तेवढ्याच ताकदीचा माणूस आला की मागच्या हाताचा इंचभर बदलही लगेच दिसतो: बूम थोडी ओढली, तो मागे पडला, पाय थोडा मागे सरकवला, तो पुढे गेला. म्हणून स्पर्धेचे खेळाडूही सरावात जोडीने धावतात. शीड किती ताणायचं, पातं कुठलं लावायचं, बूम किती उंच बांधायची, हे जोडीदार असल्याशिवाय ठरवताच येत नाही.

पण ते झालं शहाण्यांचं कारण. खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगताना लोक जरा लाजतात: शेजाऱ्याच्या फळीचा आवाज ऐकू येतो. पुरेसा वेग आला की फळी पाणी कापायचं सोडून पाण्यावर चढते आणि घसरायला लागते. त्या वेळी खालचं पातं बारीक सूर काढतं. शेजारी दोन फळ्या असल्या की दोन सूर. शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचं पाणी दिसतं, तो हसतोय की दात-ओठ खातोय ते दिसतं. एवढ्या वेगात, इंजिन नसलेल्या वस्तूवर, शेजाऱ्याशी बोलता येईल इतकं जवळ असणं ही चैन दुसऱ्या फार थोड्या खेळांत आहे.

एकत्र सुटण्याचीही एक छान पद्धत आहे, तिला सशाची सुरुवात म्हणतात. एक जण ससा होतो. तो डाव्या अंगावर वारा घेऊन सगळ्यांच्या पुढून आडवा जातो आणि बाकीचे उजव्या अंगावर वारा घेऊन एकेक करत त्याच्या शेपटीमागून निघतात. ना शिट्टी, ना रेषा, ना पंच. ससा जसजसा पुढे सरकतो तसतशी दाराची फट उघडत जाते आणि कुणावर अन्याय होत नाही. नियमाने ज्याने वाट द्यायची त्यालाच ससा केलेलं आहे, हा त्यातला विनोदी भाग. त्याला वाट मिळते ती फक्त सगळ्यांनी तसं आधी ठरवलेलं असतं म्हणून.

हे चार-पाच जणांचं झालं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रुइसाँ इथे डेफी विंड नावाची जत्राच भरते. तिथे हजाराहून जास्त विंडसर्फर एकाच वेळी सुटतात. त्यातले बहुतेक हौशीच असतात. तो प्रकार मला व्यक्तिशः झेपणारा नाही, पण हजार शिडं एका वाऱ्यात सुटू शकतात म्हटल्यावर दोनापावलाच्या पाचांची काळजी थोडी कमी करायला हरकत नाही.

"पण ब्रेक नाही ना!"

ब्रेक नाही, पण इंजिन हातात आहे. मागचा हात सैल केला की शीड रिकामं होतं आणि जोर जातो. फळी पाण्यावरून खाली बसते आणि काही मीटरांत मंदावते. अगदीच गळ्याशी आलं तर शिडासकट पाण्यात बसायचं. पाण्यात आडवं पडलेलं शीड नांगरासारखं अडतं आणि फळी जागच्या जागी थांबते.

फक्त पडताना बूम सोडायची नाही. हे ऐकायला उलटं वाटतं, पण बूम धरून ठेवली तर डोलकाठी आणि डोकं यांच्यात अंतर राहतं आणि मोकळी फळी शेजाऱ्याकडे भरकटत नाही. लागण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: डोक्याला डोलकाठी, बरगडीला बूम, नडगीला फळीची कड. म्हणून लगत धावायचं तर हेल्मेट आणि अंगावर तरंगणारं जाकीट हवंच. हेल्मेटने फोटो बिघडतो म्हणणाऱ्यांच्या जवळ मी फिरकत नाही.

पडलेला माणूस म्हणजे सगळ्या नियमांच्या वरचा. पाण्यात आडवं शीड लांबून दिसत नाही, म्हणून पडल्यावर हात वर करायचा आणि मागून येणाऱ्यांनी त्याला लांबून वळसा घालायचा.

आणि ज्यांना हे नियमच माहीत नाहीत?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. वर सांगितलेलं सगळं तेव्हा चालतं, जेव्हा पाण्यावरच्या सगळ्यांना ते माहीत असतं.

इंजिनाच्या होडीने शिडाला वाट द्यावी हा सर्वसाधारण नियम. पण त्याला मोठे अपवाद आहेत आणि जुवारीच्या मुखाशी ते सगळे एका जागी भेटतात. समोर मुरगाव बंदर आहे. अरुंद, खोल वाटेतूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाने अडवायचं नाही. मालवाहू बार्ज मनात आणलं तरी चटकन थांबू शकत नाही, तेव्हा तिच्यापुढे हक्काची भाषा करणारा वेडा. जाळं टाकलेल्या मासेमारी होडीलाही शिडानेच वाट द्यायची. ट्रॉलरच्या मागे जाळं किती लांब गेलंय ते वरून दिसत नाही आणि बोयांची रांग दिसली की तिच्यावरून जायचा मोह टाळायचा: फळीखालचं पातं जाळ्यात अडकलं की फळी थांबते, माणूस थांबत नाही. किनाऱ्याजवळ रापणीचं मोठं जाळं ओढत असतील तर त्या दोरांच्या आसपासही फिरकायचं नाही. त्यांचं पोट आहे ते, आपली हौस.

राहता राहिली भाड्याची जेट स्की. सकाळी गोव्यात उतरलेला, दुपारी पहिल्यांदा मूठ पिळणारा पाहुणा वाऱ्याची दिशा ओळखत नाही; त्याने ओळखावी अशी अपेक्षाही नाही. त्याला वाटतं, शिडं दिसताहेत तर जवळ जाऊन बघू. त्याच्या लाटांनी फळी उडते आणि इंजिनाच्या आवाजात हाक विरते. माझ्या मते लगत धावणाऱ्यांना एकमेकांपासून जेवढा धोका आहे, त्याहून कितीतरी जास्त तो या बाजूने आहे. जिथे जेट स्की भाड्याने सुटतात आणि जिथे लोक पोहतात, त्या दोन्ही पट्ट्यांत ओळ करून धावायचंच नाही.

फॉइल असेल तर अंतर वाढवा

अलीकडे काही फळ्या पाण्याच्या हातभर वरून उडताना दिसतात. त्यांच्याखाली एक खांब आणि त्याला विमानासारखे छोटे पंख असतात. त्याला फॉइल म्हणतात. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या पाण्यात विंडसर्फिंग याच प्रकारात झालं. वारा कमी असला तरी या फळ्या उडतात, म्हणून आपल्याकडच्या मंद दुपारींना त्या सोयीच्या. पण ते पंख धारदार असतात, पाण्यात लपलेले असतात आणि उडती फळी आपटली तर ती कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नाही. साध्या फळीचं एका डोलकाठीचं माप इथे विसरायचं.

वारा तर पावसाळ्यात जास्त असतो

असतो, पण तो नैऋत्येकडून थेट किनाऱ्यावर येतो, झोतांनी येतो आणि लाटा घेऊन येतो. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा बांध त्याच दिवसांत डोकं वर काढतो. पूर्वी खनिजाच्या बार्जही पावसाळ्यात ती वाट टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, जलक्रीडा बंद होतात. त्या चार महिन्यांत शीड धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवावं.

नवख्याने ओळीत कुठे उभं राहायचं?

आधी तीन गोष्टी यायला हव्यात: हवं तेव्हा थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं आणि फळी न भरकटवता मान वळवून मागे बघणं. तिसरी सगळ्यात अवघड. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे शीड आणि शिडामागे फळी. पणजीजवळ करंजाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. पण कुठेही शिकलात तरी हे मान वळवणं किनाऱ्यावर, वाळूत उभं राहून घोटून घ्यावं.

मग पहिल्यांदा लगत धावताना चौघांऐवजी एकच जोडीदार घ्यावा, आपल्यासारखीच फळी आणि आपल्याएवढंच शीड असलेला. तीन डोलकाठ्यांच्या अंतराने सुरुवात करावी. आणि नवख्याला नेहमी खालची, किंचित पुढची जागा द्यावी. तिथे त्याला स्वच्छ वारा मिळतो, नियमाने हक्क त्याचा असतो आणि वरचा जाणता माणूस आपल्या शिडाच्या खिडकीतून त्याच्यावर लक्ष ठेवतो. नवख्याने एवढंच करायचं: समोर बघत, मनगट न आवळता, धरलेली दिशा धरून ठेवायची. मागून "अंतर कमी करू का?" असं ओरडून विचारलं जाईल. नको वाटलं तर बूमवरचा एक हात सोडून "नको" म्हणायला लाजू नये. तेवढ्यासाठी हात सोडता येत नसेल तर अजून लगत धावायची वेळ आलेली नाही.